सेंटर पाहिजे : उंची सहा फूट तीन, स्वभाव टिकाऊ

लखनौच्या एका सरकारी कार्यालयात मी एकतीस वर्षं भांडार विभागात होतो. भांडार म्हणजे स्टोअर. खुर्च्या, पंखे, टाचण्या, शाईच्या बाटल्या. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. पंखा मागायला आलेला माणूस पंखा मिळेपर्यंत रागावलेला असायचा आणि मिळाल्यावर पंखा आवाज करतो म्हणून रागवायचा, एवढंच.

पण संध्याकाळी पाच ते सात मी कार्यालयाच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक होतो. मी नागपूरचा. तिथे कॉलेजात खेळलो आणि त्याच जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून या नोकरीत लागलो. माझी उंची पाच फूट सहा. बास्केटबॉलमध्ये एवढ्या उंचीच्या माणसाने पळायचं, चेंडू पुढे द्यायचा आणि उंच माणसांच्या कोपरांपासून डोकं वाचवायचं असतं. गुडघा गेल्यावर मी प्रशिक्षक झालो. मग सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाची तीन वर्षं मी खुर्च्या-पंख्यांपेक्षा जास्त मन लावून एकच वस्तू शोधली. सेंटर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. संघात पाच जण. रिंग जमिनीपासून दहा फूट. सगळेजण तिच्यात चेंडू टाकायला बघतात आणि बहुतेक वेळा चुकतात. चुकलेला चेंडू रिंगवर आपटून उडतो. तो हवेतच पकडायला जो उंच माणूस रिंगखाली उभा असतो, तो सेंटर. घरात कर्ता माणूस असतो तसा. बाकीच्यांनी चुकायचं, त्याने सावरायचं.

आमचा सेंटर बलबीर, सहा फूट चार. त्याने सात वर्षं जालंधरला बदली मागितली होती. ती नेमकी स्पर्धेच्या आठवडाभर आधी मंजूर झाली. त्याने सगळ्यांना लाडू वाटले. मला दोन दिले, कारण माझा चेहरा त्याला बघवेना.

आमचे सर्वांत मोठे अधिकारी निगम साहेब. खेळांवर त्यांचं फार प्रेम, माहिती अजिबात नाही. एकदा सामना बघता बघता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मेश्रामजी, यह सेंटर बीच में क्यों नहीं खड़ा होता?"

"साहब, वह टोकरी के पास खड़ा होता है।"

"तो उसे सेंटर क्यों कहते हैं?"

याचं उत्तर मला आजही देता येत नाही. बलबीर गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कपाटाची ऑर्डर द्यावी तसं सांगितलं, "बलबीर जैसा नहीं चाहिए। आया, खेला, चला गया। टिकाऊ लाइए। पंद्रह साल चले, ऐसा।"

टिकाऊ मिळेपर्यंत कुणाला तरी उभं करायलाच हवं होतं. आस्थापना विभागात शुक्लाजी नावाचे टायपिस्ट होते. उंची पाच फूट दहा, वय छत्तीस, अंगाने काडी. मी त्यांना म्हटलं, "दो मैच के लिए सेंटर बन जाइए।" ते म्हणाले, "दो ही न?" मी म्हटलं, "दो ही।"

शुक्लाजी तीन वर्षं खेळले.

उडी मारून त्यांना चेंडू मिळणं शक्यच नव्हतं. पण सगळ्या खात्यांच्या बदल्या, बढत्या, रजा यांची कागदपत्रं त्यांच्या टाइपरायटरखालून जायची किंवा निदान कानावरून. सामन्यात ते समोरच्या धिप्पाड सेंटरच्या शेजारी उभे राहत आणि अत्यंत काळजीच्या स्वरात विचारत, "भाई साहब, आपके बरेली वाले ट्रांसफर का क्या हुआ?" सरकारी माणूस या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहू शकत नाही. तो म्हणायचा, "अरे, फाइल तो दिल्ली में अटकी है..." आणि तेवढ्यात चेंडू शुक्लाजींच्या हातात. या एका युक्तीवर आम्ही पुष्कळ सामने काढले. हरलो, पण इज्जतीने हरलो.

इकडे माझा शोध सुरू होता. आमच्या भांडाराचं दार ठेकेदाराने बुटकं करून ठेवलं होतं, सहा फूट दोन इंच. जो आत येताना वाकेल तो पात्र, असं मी ठरवून टाकलं. दोन वर्षांत एकच माणूस वाकला. मी ताडकन उठून उभा राहिलो. ते ऑडिटसाठी आलेले साहेब होते. ऑडिटवाल्याचं एवढ्या आनंदाने स्वागत केलेलं त्यांनी कुठे पाहिलं नसावं. वय पन्नाशीच्या पुढे, हातात बॅग, तरी मला राहवलं नाही.

"सर, ज़रा उछलकर दिखाएँगे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किस नियम के तहत?"

त्या वर्षीच्या ऑडिटमध्ये भांडारावर जितके आक्षेप निघाले तितके आधी आणि नंतर कधी निघाले नाहीत.

दुसरा सापडला चौक नावाच्या जुन्या बाजारात. कुसुम, म्हणजे आमची सौ., चिकनच्या भरतकामाची साडी घ्यायला गेली होती आणि मी सोबत. दुकानाच्या मागच्या बाजूला कापडावर ठशांनी नक्षी छापण्याचं काम चालू होतं. तिथला एक कारागीर उठला आणि स्टुलाशिवाय अगदी वरच्या फळीवरचा गठ्ठा काढून परत बसला. मी बघतच राहिलो.

कुसुम म्हणाली, "अहो, साडी बघता का माणूस?"

मी खरं तेच सांगितलं. त्याचं नाव अच्छन भाई. सहा फूट चार, हात घारीच्या पंखांसारखे. बोलणं असं मऊ की नकारसुद्धा ऐकत राहावा. "शाम को?" तो म्हणाला. "शाम को तो पतंग का वक़्त होता है, जनाब।" मी चार फेऱ्या मारल्या, तेव्हा एका सामन्यापुरता तयार झाला.

पहिला अर्धा वेळ तो देवासारखा खेळला. मी मनातल्या मनात निगम साहेबांना कळवूनही टाकलं की माल मिळाला. दुसऱ्या अर्ध्यात कोर्टावरून एक जांभळा पतंग कटून डुलत डुलत जाऊ लागला. अच्छन भाईने मान वर केली. चेंडू त्याच्या हातात होता. तो तसाच, चेंडूसकट, फाटकातून बाहेर पळाला.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवावी कशासाठी हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते म्हणाले, "गेंद लेकर बाहर गया है, तो आउट तो हुआ ही।" दुसरा चेंडू काढून खेळ सुरू झाला. दहा मिनिटांनी अच्छन भाई घामाघूम होऊन परत आला. एका हातात पतंग, दुसऱ्या काखेत चेंडू. मला म्हणाला, "देखिए, गेंद भी सही-सलामत लाया हूँ।" त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की मी आभार मानले.

तिसरं वर्ष उजाडलं आणि वरून कागद आला. खेळाडूंच्या कोट्यातली आमची एक शिपायाची जागा रिकामी पडून होती. पुढच्या मार्चअखेरपर्यंत भरली नाही तर ती रद्द. निगम साहेबांनी मला बोलावून सांगितलं की सेंटर नसेल तर संघ कशाला, आणि संघ नसेल तर कोर्ट कशाला. कर्मचारी संघटना केव्हापासून सायकल स्टँडसाठी जागा मागत होतीच. मी घरी गेलो आणि जेवलो नाही. आमची सुजाता तेव्हा सहा वर्षांची. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. म्हणाली, "पापा, साइकिल स्टैंड में भी तो लंबे लोग आएँगे।"

जूनमध्ये आम्ही तिघं बसने मलिहाबादला गेलो, दशहरी आंबे थेट बागेतून घ्यायला. तिथे उंच फांद्यांवरचे आंबे जाळी लावलेल्या लांब काठीने उतरवतात. एका झाडाखाली एक माणूस काठीशिवाय उतरवत होता. हात वर करायचा, आंबा देठासकट खुडायचा आणि वाकून गवतावर असा ठेवायचा की जणू झोपलेलं मूल आहे. मी जवळ जाऊन विचारलं, "नाम क्या है भैया?"

"छोटेलाल।"

"छोटे?"

"घर में सबसे छोटा हूँ, साहब। बड़के भैया को तो आपने देखा नहीं।"

आंबे घेणं राहिलं बाजूला. त्याच्यासोबत घरी गेलो. तीन मोठे भाऊ बाजेवर बसले होते आणि बाज त्यांना पुरत नव्हती. पण त्यांची लग्नं, म्हशी आणि मिशा हे सगळं इतकं वाढलेलं होतं की कुणाच्या सांगण्यावरून उड्या मारणं त्यांना शोभलं नसतं. छोटेलाल मात्र बावीसचा, आठवी पास, राखणदारी करणारा. कुसुमच्या पिशवीत शिवणाची टेप होती, पाच फुटांची. त्यामुळे मी त्याला दोन हप्त्यांत मोजलं, दुसरा हप्ता आंब्याच्या पेटीवर चढून. सहा फूट पाच.

मोठे भाऊ म्हणाले, "फसल के बाद ले जाइए।"

सप्टेंबरात तो आला. पहिल्याच दिवशी मला घोटाळा कळला. आमच्या खेळाडूने रिंगकडे चेंडू टाकला. सुंदर टाकला, आत जाणारच होता. छोटेलालने हात वर करून तो रिंगच्या तोंडावरून अलगद खुडला आणि वाकून जमिनीवर ठेवला.

या खेळात रिंगकडे वरून खाली येणाऱ्या चेंडूला हात लावायचा नसतो. लावला तर आपले गुण जातात. मी त्याला हे सांगितलं. त्याने मान हलवली. परत खुडला. दहा वेळा सांगितलं, अकरा वेळा खुडला. शेवटी मी ओरडलो, "अरे, गिरने दो उसे!"

तो दुखावला. "साहब, गिर जाएगा तो दाग़ी हो जाएगा।"

मी कोर्टाच्या कडेला डोकं धरून बसलो. तेव्हा शुक्लाजी पुढे आले. माझ्या दोन सामन्यांच्या बोलीवर तीन वर्षं राबलेले, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. त्यांनी छोटेलालला खाली बसवलं आणि विचारलं, "बाग़ में राखवाले का हिस्सा कौन-सा?"

"जो टपक जाए, वह हमारा। टपका।"

"और जो डाल पर है?"

"मालिक का।"

"तो सुनो। यह लोहे का घेरा डाल है। गेंद डाल पर है तो मालिक का, हाथ मत लगाना। डाल से छूटकर उछली तो टपका। तुम्हारी।"

छोटेलालने रिंगकडे एकदा नीट पाहिलं. मग उठला. त्या संध्याकाळी त्याने चुकलेले एकोणीस चेंडू हवेत पकडले. शुक्लाजी "टपका!" म्हणून ओरडले की तो उडायचा, नाही ओरडले की गप्प. पकडलेला चेंडू जमिनीवर ठेवायची सवयही हळूहळू सुटली. म्हणजे मला वाटलं की सुटली.

जानेवारीत सामना ठरला. समोर दुसऱ्या एका खात्याचा संघ. त्यांचा सेंटर एवढा दांडगा की सगळे त्याला पहाड़ म्हणायचे. निगम साहेब सोफा मांडून बघणार होते आणि बघूनच शिपायाच्या जागेचं ठरवणार होते.

आणि इथे मी ती गोष्ट केली जी अजून मनाला लागून आहे. यादीत सेंटर म्हणून मी छोटेलालचं नाव लिहिलं आणि हे शुक्लाजींना सांगायचं विसरलो. विसरलो असं मी तेव्हा म्हणत होतो. खरं म्हणजे चार दिवस मी त्यांना टाळत होतो. ते आले ते सेंटरची तेरा नंबरची जर्सी घालून, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासोबत बायको आणि दोन मुली होत्या. त्यांनी यादी वाचली. छोटेलालकडे पाहिलं. तो शर्ट घालून उभा होता, कारण सेंटरची जर्सी एकच होती. बायको-मुलींच्या समोर त्यांनी जर्सी काढली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली. ती छोटेलालला बेंबीपर्यंतच आली. प्रेक्षक हसले. शुक्लाजी फाटक्या बनियनवर बाकावर जाऊन बसले.

सामना सुरू झाला आणि छोटेलाल घाबरून खांबासारखा उभा. तेवढ्यात बाकावरून हाक आली, "टपका!" तो उडाला. परत "टपका!" परत उडाला. पहाड़ला काही कळेना. पाच मिनिटांनी पंच माझ्याकडे आले.

"यह टपका क्या है?"

"सर, हमारी रणनीति है।"

"बेंच से चिल्लाना मना है। मैदान के अंदर चिल्लाइए, बाहर से नहीं।"

हाक बंद झाली आणि छोटेलालही बंद पडला. समोरच्यांनी भराभर गुण केले. मी बाकाकडे गेलो.

"शुक्लाजी, अंदर जाइए। चिल्लाने के लिए।"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कितने मैच के लिए?" असं विचारून ते उठले. पण घालायला काही नव्हतं. शेवटी आमच्या सगळ्यात बुटक्या खेळाडूची जर्सी त्यांना चढवली. आता आमच्या संघातल्या दोघांची पोटं उघडी होती. पण खेळ असा रंगला की मी तसा परत पाहिला नाही. शुक्लाजी पहाड़च्या कानाशी त्याच्या अडकलेल्या बढतीची चौकशी करत होते, मध्येच "टपका!" म्हणत होते, आणि छोटेलाल आभाळातून चेंडू काढत होता.

शेवटची दहा सेकंदं. आम्ही एका गुणाने मागे. शुक्लाजींनी चेंडू रिंगकडे टाकला. तो रिंगवर पडला आणि काठावरून गोल गोल फिरू लागला. छोटेलाल अगदी खाली. त्याचा हात वर जाऊ लागला.

"मालिक का है!" शुक्लाजी किंचाळले.

छोटेलालने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि मान खाली घालून उभा राहिला, साहेबांसमोर उभं राहावं तसा. चेंडू दोनदा फिरला आणि बाहेर सुटला.

"टपका!"

तो उडाला आणि चेंडू पकडला. रिंग त्याच्या नाकासमोर, पहाड़ मागे, चार सेकंदं हातात. आम्ही सगळे, मी, खेळाडू, प्रेक्षक, शुक्लाजींच्या मुली, एकदम ओरडलो, "डाल! डाल! डाल!"

हिंदीत डाल म्हणजे 'टाक'. आणि डाल म्हणजे फांदीसुद्धा. हे आमच्यापैकी कुणालाही आधी सुचलं नव्हतं. छोटेलालने दचकून हातातल्या चेंडूकडे पाहिलं. चाळीस माणसं सांगत होती की हा डालीवरचा आहे, मालकाचा आहे. तो वाकला आणि चेंडू त्याने जमिनीवर ठेवला. अलगद, डाग पडणार नाही असा.

शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

मी निगम साहेबांच्या सोफ्याकडे गेलो ते सायकल स्टँडचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवूनच. साहेबांचे डोळे भरून आले होते.

"मेश्रामजी, यह लड़का कहाँ से लाए?"

"मलिहाबाद से, साहब। माफ़ कीजिए..."

"गेंद सिर पर घूम रही है और यह हाथ बाँधकर खड़ा है! सब चिल्ला रहे हैं और इसने गेंद नीचे रख दी! ऐसा अनुशासन मैंने दफ़्तर में नहीं देखा। कल से भर्ती कीजिए।"

वैद्यकीय तपासणीत उंची मोजायची पट्टी सहा फुटांवर संपत होती, म्हणून त्याच्या सेवापुस्तिकेत उंची 'सहा फूट व वर' अशी लागली. पण लागली.

सामन्याच्या दिवशीच संध्याकाळी मी शुक्लाजींच्या घरी गेलो होतो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. आत ते पलंगावर बसून गुडघे शेकत होते. मी दारातच म्हटलं, "भाभीजी, आज मुझसे गलती हुई। मुझे पहले बताना चाहिए था।"

त्या मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या, "तीन साल से ये घुटने मैं सेंक रही हूँ, भाई साहब। जर्सी उतरवाई, अच्छा किया। पर सबके सामने क्यों?"

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, पण चहा आणला. तो मी उभ्यानेच प्यालो. शुक्लाजी आतून म्हणाले, "मेश्रामजी, लड़के का बायाँ हाथ कमज़ोर है। कल से वह देखना पड़ेगा।"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते कोर्टावर होते. पट्टे नाहीत, जर्सी नाही, पँट-शर्ट आणि गळ्यात शिट्टी. छोटेलालला त्यांनी घडवलं. हाताने टाकायचं, पायाने फिरायचं, आणि कोण काय ओरडतंय तिकडे लक्ष न देता स्वतः ठरवायचं. हे शेवटचं शिकवायला त्यांना दोन वर्षं लागली. छोटेलाल आमच्याकडे बारा वर्षं सेंटर होता. दर जूनमध्ये तो महिनाभर रजेवर जायचा आणि त्या महिन्यात आम्ही एकही सामना घेत नसू. पहाड़ची बढती झाली आणि तो सुटला, असं शुक्लाजी सांगायचे.

पाचव्या वर्षी आम्ही ढाल जिंकली. ढालीवर कोरलं आहे, 'प्रशिक्षक : मेश्राम'. कार्यालयाच्या जिन्यात फोटो लागला, त्याच्याखालीही तेच. मी ते दुरुस्त करून घेतलं नाही. कुणी विचारलं तर सांगेन असं म्हणत राहिलो आणि कुणी विचारलं नाही. म्हणून आज न विचारता सांगतो. त्या संघाचे प्रशिक्षक शुक्लाजी होते. मी चेंडू, जाळ्या आणि जर्सी पुरवायचो.

त्या फोटोत मी मधोमध बसलो आहे, ढाल मांडीवर. शुक्लाजी त्यात नाहीत, कारण फोटो त्यांनी काढला. आणि छोटेलालला डोकं नाही, तेही त्याच कारणाने.